थांबण्याचे बळ

मुंबईच्या उपनगरांत दिवस उजाडतो तो सायकलीच्या घंटेबरोबर. जोगेश्वरीचेच उदाहरण घ्यावे. स्थानकावर गर्दी होण्यापूर्वीच पूर्वेकडील मजासवाडीतून, मेघवाडीतून आणि पश्चिमेकडील ओशिवऱ्याच्या बाजूने सायकली रस्त्यावर येऊ लागतात. कोणाच्या सायकलीला दुधाच्या पिशव्या टांगलेल्या असतात, कोणाच्या पाठीमागे पावांची पेटी बांधलेली असते, तर कोणाच्या पुढे वर्तमानपत्रांचे गठ्ठे असतात. दिवस थोडा वर आला म्हणजे डबेवाला दिसू लागतो. एकेका डबेवाल्याकडे साधारणपणे तीस-चाळीस डबे असतात. ते सारे ओझे सायकलीवर लादून तो गर्दीतून वाट काढीत जातो. ह्या सर्व माणसांची भाकरी त्या दोन चाकांवर अवलंबून असते.

जोगेश्वरीची भूमी सर्वत्र सपाट नाही. ज्या देवीवरून ह्या गावाला नाव मिळाले, तिचे सहाव्या शतकातील प्राचीन लेणे पूर्व भागात आहे. तेथून पुढे जमीन हळूहळू टेकड्यांचे रूप घेऊ लागते. जोगेश्वरीहून विक्रोळीकडे जाणारा जोडरस्ता आरे वसाहतीच्या कडेने पवईस जातो. त्या बाजूच्या रस्त्यांवर चढ आहेत आणि अर्थातच उतारही आहेत. चढावर सायकलस्वाराच्या पायांची परीक्षा होते. उतारावर मात्र त्याच्या ब्रेकची परीक्षा होते. त्यात जून ते सप्टेंबर हे चार महिने पावसाचे. ह्या भागात वर्षाकाठी दोन मीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सारा ह्या चार महिन्यांतच कोसळतो. उन्हाळ्यात मुकाट्याने काम करणारा ब्रेक पहिल्या सरीबरोबर दगा देऊ लागतो. चालक ब्रेक दाबतो, पण सायकल आपली पुढे जातच राहते!

अशा वेळी पुष्कळांना वाटते की, ब्रेक जुना झाला. आता नवा घेतल्यावाचून गत्यंतर नाही. ही समजूत बहुधा चुकीची असते. ब्रेकचे गेलेले बळ बहुतेक वेळा थोड्या पैशांत, आणि कित्येकदा तर एकही पैसा न खर्चता, परत मिळविता येते. त्यासाठी ब्रेक काम कसे करतो, हे मात्र नीट समजून घेतले पाहिजे.

हाताचे तळवे एकमेकांवर जोराने घासले तर ते गरम होतात. तळव्यांच्या गतीचे घर्षणामुळे उष्णतेत रूपांतर होते. ब्रेकचे सारे रहस्य ह्या एका गोष्टीत साठविलेले आहे. सायकलीच्या चाकाला बाहेरच्या बाजूने धातूचे एक कडे असते. त्यास रिम म्हणतात. हँडलावरील ब्रेकचा दांडा दाबला म्हणजे तार ओढली जाते, तारेमुळे चिमट्याचे दोन बाहू जवळ येतात आणि त्यांच्या टोकांना बसविलेले रबराचे दोन तुकडे रिमला दोन्ही बाजूंनी पकडतात. रबर आणि रिम ह्यांच्यात घर्षण होते. सायकलीच्या अंगी असलेली गती उष्णता होऊन हवेत निघून जाते आणि सायकल थांबते. लांबच्या उतारानंतर रिमला हात लावून पाहिला तर ती चांगलीच तापलेली असते; कधी कधी तर हात पोळतो.

थांबण्यास किती अंतर लागते, ह्याचा हिशेब मोठा उद्‌बोधक आहे. समजा, चालक आणि सायकल मिळून वजन ८० किलोग्रॅम आहे. सायकल ताशी १८ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला ५ मीटर ह्या गतीने चालली आहे आणि ब्रेक लावल्यापासून ती ५ मीटरांत थांबते. आता वेग दुप्पट केला तर अंतर दुप्पट होईल असे वाटते. परंतु तसे होत नाही. ते चौपट, म्हणजे २० मीटर होते. वेग तोच ठेवून सायकलीवर ६० किलोग्रॅमचे ओझे लादले तर ५ मीटरांचे जवळजवळ ९ मीटर होतात. आणि पावसाने ब्रेकची पकड चौथ्या हिश्शावर आली तर? मग ओझ्याविनाही २० मीटर लागतात. ओझ्यासह लागतात ३५ मीटर! शिवाय धोका दिसल्यापासून बोटे ब्रेकवर पडेपर्यंत एखादा सेकंद जातोच. तेवढ्यात सायकल आणखी ५ मीटर पुढे गेलेली असते. गल्लीतून चेंडूमागे धावत आलेले मूल ३५ मीटरांवर नसते. ते पाच-सात मीटरांवर असते. ब्रेकचा विचार करावयाचा तो एवढ्याचसाठी.

सायकलीचे ब्रेक प्रारंभापासून असे नव्हते. जुन्या उंच चाकांच्या सायकलींवर चमच्याच्या आकाराचा एक धातूचा तुकडा असे. दांडी ओढली की तो सरळ टायरवर दाबला जाई. त्या काळचे टायर भरीव रबराचे असल्याने हे चालून जात असे. पुढे १८८८ साली डनलॉप ह्यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. हा टायर मऊ व सुखकर होता. पण त्यावर धातूचा तुकडा घासला तर टायरच झिजून जाई. म्हणून घर्षणाची जागा टायरवरून रिमवर गेली. १८९६ साली बाउडेन ह्यांनी नळीत बसविलेल्या लवचीक तारेचे पेटंट घेतले. ही तार वळणावळणाने कोठेही नेता येत असल्याने ब्रेकची रचना सोपी झाली. आपल्याकडील जुन्या पद्धतीच्या, २८ इंची चाकांच्या काळ्या सायकलींना मात्र तारेऐवजी लोखंडी सळ्यांचे ब्रेक असतात. त्यांचे रबर रिमच्या दोन बाजूंवर नव्हे, तर तिच्या आतल्या, म्हणजे आसाकडील अंगावर टेकते. रचना निराळी असली तरी तत्त्व तेच: रबर, रिम आणि घर्षण.

आता पावसाने काय होते ते पाहावे. स्वस्त सायकलींच्या रिम पोलादाच्या असून त्यांवर चकचकीत मुलामा दिलेला असतो. हा मुलामा गंजापासून संरक्षण करतो; परंतु तो आरशासारखा गुळगुळीत असतो. त्यावर पाण्याचा पातळ थर बसला की रबर रिमला टेकण्याऐवजी त्या थरावरच घसरते. ओल्या फरशीवर पाय घसरतो, त्यातलाच हा प्रकार. ॲल्युमिनियमच्या रिमवरही पावसात पकड कमी होते, पण पोलादी रिमइतकी नाही. चाक फिरत असताना रबर हे पाणी पुसून काढते खरे. तथापि त्यासाठी चाकाचे काही फेरे व्हावे लागतात. २८ इंची चाकाच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे सव्वादोन मीटर पुढे जाते. पाणी पुसण्यात चार फेरे गेले तर ९ मीटर अंतर नुसते पुसण्यातच गेले!

हे सर्व लक्षात ठेवून जोगेश्वरीच्या एखाद्या पदपथावर बसणाऱ्या सायकल-दुरुस्ती करणाराकडे वळावे. त्याच्याजवळ असते तरी काय? एक पेटी, हवेचा पंप, पाण्याची परात, चार पाने आणि काही चिंध्या. समजा, आषाढातील एका सकाळी महाविद्यालयात शिकणारा एक तरुण त्याच्याकडे आला आहे. तो पहाटे घरोघर वर्तमानपत्रे पोहोचवितो आणि त्या मिळकतीतून आपले शुल्क भरतो. आज उतारावर त्याची सायकल थांबता थांबेना. एका आजीबाईंना धक्का लागता लागता राहिला.

“काका, ब्रेक पार गेला हो. नवा बसवायला किती लागतील?” तो विचारतो.

“नवा बसवीन की, बाळा,” म्हातारा कारागीर म्हणतो, “पण आधी जुना काय सांगतो ते ऐकू.”

तो प्रथम रिमवरून एक कोरडी, पांढरी चिंधी फिरवितो. चिंधी काळीकुट्ट होते. रबराचा भुगा, रस्त्यावरची माती आणि साखळीस घातलेल्या तेलाचे शिंतोडे ह्यांचा तो लेप असतो. तेल हे ब्रेकचे शत्रू होय. ज्या घर्षणामुळे सायकल थांबावयाची, तेच घर्षण नाहीसे करणे हा तेलाचा धर्म! म्हणून साखळीला तेल घालताना ते थेंबाथेंबाने घालावे, वरचे तेल पुसून घ्यावे आणि रिमवर एक थेंबही जाऊ देऊ नये. गेल्यास साबणाच्या कोमट पाण्याने रिम दोन्ही बाजूंनी धुऊन कोरडी पुसावी. चिकट डाग जात नसेल तर कापडावर थोडे स्पिरिट घेऊन तो घासावा. ह्या कामास खर्च जवळजवळ शून्य. फायदा मात्र सर्वांत मोठा.

मग तो रबराचे तुकडे काढून हातात घेतो. त्यांचा पृष्ठभाग उन्हाने आणि वापराने कडक व चकचकीत झालेला असतो. त्यात वाळूचे कण आणि धातूचे बारीक तुकडे रुतून बसलेले असतात. हे कण रिमला ओरखडे पाडतात. कारागीर ते सुईच्या टोकाने एक एक करून उकरून काढतो आणि रबर काचकागदावर चार-सहा वेळा घासतो. चकाकी जाते आणि आतले मऊ, मंद काळे रबर दिसू लागते. मात्र रबरावरील खाचा झिजून बुजल्या असतील किंवा रबर दगडासारखे कठीण झाले असेल, तर ते बदलणेच योग्य. रबराचा साधा जोड दोन-चार वडापावांच्या किमतीत मिळतो. तेवढ्यासाठी जीव धोक्यात घालण्यात काटकसर नाही.

रबर पुन्हा बसविताना तो तीन गोष्टी पाहतो. पहिली अशी की, रबराचा संपूर्ण पृष्ठभाग रिमवरच टेकला पाहिजे. तो वर सरकून टायरला लागला तर टायर कापला जाऊन भररस्त्यात फुटतो. खाली सरकला तर रिमवरून निसटून आऱ्यांत अडकतो. दुसरी गोष्ट, काही सायकलींत रबर ज्या पत्र्याच्या खोबणीत बसते, तिचे एक टोक उघडे असते. हे उघडे टोक मागे आणि बंद टोक पुढे ठेवावे लागते. उलट बसविल्यास ब्रेक लावताच फिरती रिम रबराला खोबणीतून ओढून बाहेर फेकते. तिसरी गोष्ट, रबराचे पुढचे टोक मागच्या टोकापेक्षा केसभर आधी रिमला टेकावे. त्यासाठी रबराच्या मागच्या टोकापाशी पुठ्ठ्याची एक पातळ पट्टी ठेवून ब्रेक दाबावा, पानाने चाकी घट्ट करावी आणि मग पट्टी काढून घ्यावी. ब्रेक लावल्यावर जो कर्कश आवाज निघतो, तो रबर रिमला क्षणोक्षणी चिकटून सुटत असल्याने होणाऱ्या थरथरीचा असतो. ह्या लहानशा युक्तीने तो बहुधा थांबतो.

आता तारेची पाळी येते. नळीतील तार गंजली असेल तर बोटांचे निम्मे बळ तिलाच ओढण्यात वाया जाते. नळीत तेलाचे दोन थेंब सोडले की तार पुन्हा सुळकन सरकू लागते. जे तेल रिमवर घातक, तेच येथे उपकारक! वस्तू चांगली की वाईट हे तिच्या जागेवर ठरते. तारेचा एखादा जरी धागा तुटून बाहेर आलेला दिसला, तरी तार बदलावी. कारण ती तुटावयाची ती नेमकी जोराने ब्रेक दाबण्याच्या वेळीच तुटते. रबर आणि रिम ह्यांच्यात दोन-तीन मिलिमीटरांहून अधिक अंतर असू नये. अंतर फार असल्यास दांडा हँडलाला टेकतो, तरीही रबर रिमला नीट पकडू शकत नाही. चिमट्याच्या मधला खिळा सैल असेल तर तोही कसावा, म्हणजे हाताचा जोर चिमटा हलविण्यात फुकट जात नाही. चाक डुलत असेल, तर आरे कसून ते सरळ करून घ्यावे लागते. परंतु ते काम जाणत्या कारागिराकडूनच करून घेतलेले बरे. सळ्यांच्या ब्रेकमध्ये तारेचा प्रश्न नसतो. पण सांध्यांवरील चाक्या तेवढ्याच दक्षतेने कसाव्या लागतात.

शेवटी कारागीर त्या तरुणाला ब्रेक दाबावयास सांगतो. तरुणाची बोटे दांड्याच्या मुळाशी, म्हणजे खिळ्याजवळ पडतात.

“अरे, दार बिजागरीपाशी ढकलतोस की कडेला?” म्हातारा विचारतो.

“कडेला.”

“मग ब्रेकही टोकाकडे धर.”

ब्रेकचा दांडा ही एक तरफ आहे. तरफेवर जितक्या दूर बळ लावावे तितका त्याचा प्रभाव अधिक. बोटांची जागा बदलण्यास एक पैसाही लागत नाही. परंतु तेवढ्याच श्रमात पकड किती तरी वाढते.

साहित्य नीट झाले तरी ते वापरण्याची रीत शिकावीच लागते. बस एकदम थांबली की उभे उतारू पुढे झुकतात. त्याचप्रमाणे सायकल थांबू लागली की तिचा भार पुढच्या चाकावर जातो. त्यामुळे पुढचे चाक रस्त्याला अधिक घट्ट धरते आणि पुढचा ब्रेक मागच्यापेक्षा अधिक काम करू शकतो. म्हणून भीतीने फक्त मागचाच ब्रेक लावणारा स्वार आपले निम्म्याहून अधिक बळ गमावून बसतो. मात्र पुढचा ब्रेक एकदम आवळला तर स्वार हँडलावरून पुढे फेकला जाण्याचा संभव असतो. तेव्हा दोन्ही ब्रेक एकाच वेळी, क्रमाक्रमाने वाढत्या जोराने लावावेत. पावसात गरज पडण्याआधीच ब्रेक हलके लावून रिमवरचे पाणी पुसून ठेवावे. वेग आधीच कमी करावा. वळणावर ब्रेक लावण्याचे टाळावे. आणि गटारांची लोखंडी झाकणे व रस्त्यावरचे रंगीत पट्टे ओले असताना त्यांवर ब्रेक लावू नये, कारण तेथे टायरच घसरतो.

एवढे करूनही पोलादी रिमची पकड अपुरी वाटली, तर पुढचा उपाय खर्चाचा आहे: ॲल्युमिनियमची रिम बसविणे. तीही दोन्ही चाकांना एकदम बसविणे परवडत नसेल तर प्रथम पुढच्या चाकाला बसवावी, कारण थांबविण्याचे मोठे काम तेथेच होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये पोलादी रिमसाठी चामड्याचा थर लावलेले ब्रेकचे तुकडे निघाले होते. चामडे ओल्या पोलादाला रबरापेक्षा चांगले धरते. तेथेही पाऊस आहे आणि तेथेही साधी माणसे सायकलीवरून कामाला जात. तेव्हा अडचण सारखी आणि उपाय शोधणारी बुद्धीही सारखीच!

दुरुस्ती केलेल्या ब्रेकची परीक्षा रहदारीत कधीही घेऊ नये. प्रथम सायकल हाताने ढकलीत न्यावी आणि पुढचा ब्रेक घट्ट दाबावा. पुढचे चाक अडून मागचे चाक जमिनीवरून उचलले जाऊ लागले, तर ब्रेक ठीक आहे असे समजावे. मागचा ब्रेक दाबल्यावर मागचे चाक फिरता कामा नये. नंतर मोकळ्या मैदानात मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली खडूने एक रेघ ओढावी. बेताच्या वेगाने येऊन रेघेवर ब्रेक लावावा आणि सायकल कोठे थांबली ते पावलांनी मोजावे. मग रिमवर पाणी शिंपडून तोच प्रयोग पुन्हा करावा. दोन अंतरांतील फरक एकदा स्वतः मोजून पाहिला, म्हणजे पावसात सायकल हळू का चालवावी हे कोणी सांगावे लागत नाही.

त्या तरुणाला नवा ब्रेक घ्यावा लागला नाही. रबराचा एक जोड आणि कारागिराची मजुरी एवढ्यावर त्याचे काम भागले. उरलेल्या उपचारांना लागले ते पाणी, साबण, चिंधी, तेलाचे दोन थेंब आणि थोडे लक्ष. हे लक्ष बाजारात विकत मिळत नाही आणि ते नसेल तर महागातील महाग ब्रेकही काही महिन्यांत निकामी होतो.

वेगाचे कौतुक सर्वांनाच असते. कोण किती जोरात गेला, ह्याच्या पैजा लागतात. कोण किती चटकन थांबला, ह्याची कोणी पैज लावीत नाही. तरीही रस्ता हा एकट्याचा नसतो. त्यावर शाळेत निघालेली मुले असतात, काठी टेकीत चालणारे वृद्ध असतात, डोक्यावर पाटी घेतलेल्या मजूर स्त्रिया असतात. वेगाचा आनंद एकट्या स्वाराला मिळतो; परंतु त्याच्या ब्रेकवर विश्वास ठेवून इतके सारे लोक निःशंकपणे रस्ता ओलांडीत असतात. तो विश्वास खरा ठरविणे हे प्रत्येक सायकलस्वाराचे कर्तव्य आहे. आठवड्यातून एकदा, दहा मिनिटे आणि एक स्वच्छ चिंधी एवढे दिले, तरी ते पार पडते.